आरसीवर लिहिलंय ‘ऑफ व्हाइट’

आमच्या पद्मिनीच्या आरसी बुकात रंगाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: ऑफ व्हाइट. गाडी 1991 ची. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आमचं इंझोरी अकोला जिल्ह्यात होतं, म्हणून नंबर एमएच-30 चा. यंदा संक्रांतीला गावी आलो, तेव्हा ती नव्याने रंगवायचं ठरलं. कारंज्याच्या पेंटरने बोनेटवर शेड कार्ड उघडलं आणि विचारलं, “कोणता ऑफ व्हाइट?” कार्डावर अकरा होते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला वाटलं, कंपनीचा कोड शोधायचा, पेंटरला द्यायचा, दहा मिनिटांचं काम. त्यात तीन आठवडे गेले.

बाबांचं म्हणणं, सरळ पांढराशुभ्र मारू, चमकेल तरी. मला ते नको होतं. माझ्या जन्माच्या रात्री आईला याच गाडीतून कारंज्याला नेलं होतं. माझ्यासारखी अशी आणखी किती पोरं गावात आहेत, ते आबाजी बोटांवर मोजून सांगतात. आबाजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना परत तीच गाडी दिसावी, एवढंच मला हवं होतं. पण तीच म्हणजे कोणती?

ही गाडी मुळात इटलीची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, मग 1950 च्या दशकात फियाट आली. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि तीच पुढे 1974 मध्ये पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. लायसन्स राजमध्ये अशा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यात रंग कोण निवडत बसणार? आबाजींच्या वेळेपर्यंत मारुती आली होती, पण त्यांनीही रंग निवडला नाहीच. अकोल्यात जी उभी होती, ती घेऊन आले.

आता रंगाकडे येऊ. आपल्याकडे गॅरेजवाले गाडीच्या कुठल्याही रंगाला सर्रास ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हा अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा 1920 च्या दशकातला लॅकर. त्याआधी गाडीवरचे वार्निशचे थर वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. ड्युको काही तासांत वाळायचा. त्यातला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून बनवता येतो. म्हणजे आपल्या वऱ्हाडात शेतात जे पिकतं, त्याच्याच उरल्यासुरल्या तंतूंतून जगभरच्या गाड्यांना चमक आली. हे वाचलं तेव्हा मी आबाजींना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, “सरकीतलं काई वाया जात नाई, हे आमाले माईत हाय.”

पांढरेपणाची गोष्ट वेगळी. पूर्वी तो शिशाच्या नाहीतर जस्ताच्या सफेद्यातून यायचा. साधारण शंभर वर्षांपूर्वी टायटॅनियम डायऑक्साइड बाजारात आला आणि पांढरा रंग खऱ्या अर्थाने झाकणारा झाला. आपल्याकडे त्यासाठी 1946 मध्ये त्रावणकोर टायटॅनियमची स्थापना झाली. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून, इल्मेनाइटमधून, हा पांढरा काढतात. ऑफ व्हाइट करायचा तर या पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि त्याहून कमी काळा घालायचा. चिमूट इकडची तिकडे झाली की शेड बदलली.

मग गाडीवरच मूळ रंग शोधायचा ठरवलं. टप उन्हाने खडूसारखा भुकट झाला होता. नंबर प्लेटच्या मागे एक रंग, डिक्कीच्या रबराखाली दुसरा, जरा पिवळट. मला वाटलं, जिथे ऊन लागलं नाही तिथला रंग खरा. पेंटर हसला. तेलाच्या एनॅमलची खोड उलटी: अंधारात राहिला की पिवळा पडतो, उन्हात फिका होतो. म्हणजे झाकलेला रंग मूळचाच असेल, याची खात्री नाही.

शेवटी मी माझ्या हत्याराकडे वळलो. वेब पेज करताना आम्ही रंगांची नावं लिहितो: आयव्हरी, लिनन, अँटिक व्हाइट. ही नावं आली कुठून, ते शोधलं. 1989 मध्ये एक्स विंडो सिस्टिमच्या रंगांच्या यादीत पॉल रेव्हलिंग यांनी या फिकट छटा घातल्या आणि त्या त्यांनी सिंक्लेअर पेंट्स या रंगकंपनीच्या नमुन्यांशी ताडून ठरवल्या होत्या. मी ज्याला कोड समजत होतो, तेही कुणीतरी शेड कार्ड समोर धरूनच ठरवलेलं होतं.

त्या संध्याकाळी अकराही तुकडे आबाजींपुढे मांडले. ट्यूबलाइटखाली त्यांनी एकाकडेही बघितलं नाही. “सकाळी उनात पाहू,” म्हणाले. सकाळी अंगणात आले ते हातात कापूस घेऊन. भाव वाढेल म्हणून मागच्या खोलीत ठेवलेल्या गंजीतला. “पांढरं म्हणजे कायच्या बाजूले पांढरं? आदी हे ठेव.”

दोन बोंडांचा कापूस त्यांनी शेजारी ठेवला. एक भर हंगामातला, एक शेवटच्या वेचणीचा. कार्डावरचा सगळ्यात पांढरा तुकडा भर हंगामातल्या कापसाशेजारी चक्क निळा दिसला. शेवटच्या वेचणीच्या शेजारी त्यांनी एकेक तुकडा लावून पाहिला आणि सातव्यावर बोट ठेवलं. “हे. कवडी नाई, मळकं नाई. पन नवं कोरं बी नाई.”

आबाजींनी आयुष्यभर पांढऱ्याचा भाव पाहिलाय. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा ग्रेडर मूठभर कापूस उचलून त्याचा दर्जा ठरवायचा. पावसात भिजून पिवळा पडलेला, किडीने डागाळलेला कापूस वेगळा निघायचा आणि पैसे कमी व्हायचे. पिवळेपणाची एक रेघ त्यांना दिसते, कारण त्या रेघेवर घर चालायचं. त्यासाठी यंत्रही आहे. अमेरिकेत डोरोथी निकरसन आणि रिचर्ड हंटर यांनी 1950 च्या सुमारास कापसाचा रंग मोजणारं उपकरण केलं. त्यात पिवळेपणाला ‘बी’ हा आकडा असतो. आज रंगाच्या दुकानातला संगणक शेड जुळवतो, तेव्हाही अशीच एक पिवळ्या-निळ्याची मोजपट्टी वापरतो. पण यंत्र तपासायला आजही नमुना लागतोच.

सातवा तुकडा मूळ रंगच आहे का? सिद्ध करता येणार नाही. डिक्कीखालच्या रंगापेक्षा तो थोडा उजळ आहे, नंबर प्लेटमागच्यापेक्षा थोडा पिवळा. बाबा म्हणाले, म्हाताऱ्याच्या आठवणीवर कशाला एवढे पैसे घालतो? पण मोजायला दुसरं काहीच खात्रीचं उरलं नव्हतं.

पेंटरने लांबी भरली, पाणी पेपर मारला, प्रायमर दिला, मग रंग. आरसीवर काहीच बदलावं लागलं नाही, तिथे अजूनही ऑफ व्हाइटच आहे. डिक्कीच्या आत वीतभर जुना रंग मी तसाच ठेवायला सांगितला. पुढे कुणाला पुन्हा रंगवायची झाली तर समोर धरायला काहीतरी हवं. आणि शेवटच्या वेचणीचा तो कापूस एका डबीत घालून मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलाय. तो पिवळा पडेल, हे मला माहीत आहे.