महाविद्यालयीन प्रशिक्षकांची नोंद

१. म्हसळ्यासारख्या तालुक्यातील महाविद्यालयीन कबड्डीबद्दल लेखक जिथे ‘सरांचा संघ’ म्हणतात, तिथे वाचकाने अमेरिकेतील पद्धत मनात आणू नये. तिथे प्रत्येक जय-पराजय प्रशिक्षकाच्या नावावर चढतो. अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक नूट रॉकनी यांची नोत्र दाम विद्यापीठातील कारकीर्द (१९१८–३०) १०५ विजय, १२ पराभव व ५ बरोबरी अशीच सांगितली जाते. म्हसळ्याची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि आपल्याकडे यश विद्यापीठाच्या नावे जमा होते. १९३५-३६पासूनचा आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक असो वा एकूण क्रीडा कामगिरीसाठीचा मौलाना आझाद करंडक, विजेता म्हणून छापले जाते ते विद्यापीठच. महाविद्यालयात बहुधा एकच शारीरिक शिक्षण संचालक सगळे खेळ सांभाळतो. मैदान आखण्यापासून खेळाडूंच्या प्रवासभत्त्यापर्यंत सारे त्याच्याच गळ्यात असते. प्रशिक्षकांसाठी १९८५पासून द्रोणाचार्य पुरस्कार आहे, पण रमाकांत आचरेकरांना तो १९९०मध्ये मिळाला तेव्हा त्यांची कर्मभूमी शालेय व क्लब क्रिकेट होती. महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे नाव निकालपत्रात संघाशेजारी छापणे सहज शक्य आहे आणि ते व्हायलाच हवे. — संपादक