उकाडा, गडगडाट आणि दारातली टाकी

वैशाख सरत येतो, अंगाची काहिली होते, दुपारी झाडाचे पानसुद्धा हलत नाही आणि आपण सारे पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. मध्येच एखादा वळीव पडून जातो, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही. आपण खरी वाट पाहत असतो ती मृगाच्या पावसाची. तो एकदा आला की उन्हाळा संपला. उकाडा आणि पाऊस हे आपल्याकडे एकामागून एक येणारे दोन ऋतू आहेत. पृथ्वीच्या पाठीवर असेही प्रदेश आहेत की जेथे हे दोघे एकाच दिवशी, एकाच आभाळाखाली नांदतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील, मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेली लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, फ्लॉरिडा ही राज्ये म्हणजे असाच एक प्रदेश होय. एकोणिसाव्या शतकात तेथे सेवेसाठी गेलेल्या काही फ्रेंच धर्मगुरूंची हकिगत वाचनात आली, आणि ती नीट समजून घ्यायची तर आधी तेथील उन्हाळा समजून घ्यावा लागेल, असे ध्यानात आले.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथील दिवस बहुधा एका ठरावीक क्रमाने जातो. सकाळ निरभ्र असते. दुपारपर्यंत पारा तेहेतीस अंशांच्या आसपास जातो. हा आकडा ऐकून आपल्या विदर्भातील मंडळी हसतील. परंतु आखातावरून वाहणारे वारे इतकी ओल घेऊन येतात की अंगावरचा घाम वाळतच नाही. एक-दोनच्या सुमारास पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसू लागतात, पाहता पाहता त्यांचे काळे डोंगर होतात, गार वाऱ्याचा झोत येतो आणि मग तासभर विजा, गडगडाट व मुसळधार पाऊस. पाचच्या आत पुन्हा ऊन! रस्त्यांतून वाफा निघतात आणि उकाडा पहिल्यापेक्षाही जड वाटू लागतो. फ्लॉरिडाला तर दोन्ही बाजूंनी समुद्र आहे. दुपारी दोन्ही किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात, मध्यभागी एकमेकांना भिडतात, आणि कोंडलेली ओली हवा वर उसळते. तेथील टॅम्पा शहराच्या परिसरात वर्षातले सुमारे ऐंशी दिवस आभाळ गडगडते. या वादळांच्या पोटात काय चालते हे माणसाला कळायला फार उशीर लागला. १९४६ साली फ्लॉरिडात आणि १९४७ साली ओहायोत होरेस बायर्स या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली मुद्दाम वादळी ढगांतून विमाने नेण्यात आली, तेव्हा कुठे समजले की एक वादळ म्हणजे अनेक लहान लहान पेशींचा समूह असतो आणि प्रत्येक पेशी अर्ध्या-पाऊण तासात जन्मते, भरास येते आणि पडणाऱ्या पावसाच्याच गारव्याने विझून जाते.

ढगाचे हे गूढ उकलण्यापूर्वी मात्र दीडदोनशे वर्षे त्या प्रदेशातील माणसे उन्हाळ्याच्या आभाळाकडे वेगळ्याच धास्तीने पाहत होती. उन्हाळा म्हणजे पीतज्वराचा हंगाम. ताप चढायचा, डोळे व कातडी पिवळी पडायची, पुष्कळांना काळी ओकारी व्हायची, आणि तशी झाली की वैद्य बहुधा हात टेकीत. दरवर्षी साथ येई असे नाही. पण आली की शहर ओस पडे. १८५३ सालच्या उन्हाळ्यात एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांत नुकतेच बोटीतून उतरलेले आयरिश आणि जर्मन लोक, म्हणजे बरेचसे आपलेच कॅथलिक बांधव, फार होते. लहानपणी हा ताप येऊन जो जगला त्याला तो पुन्हा येत नसे, म्हणून तेथील लोक याला परक्यांचा रोग म्हणत. कृष्णवर्णीयांना हा ताप होतच नाही, असेही तेथील गोऱ्या जमीनदारांचे लाडके मत होते. ते खरे नव्हते. परंतु गुलामांना भर उन्हात उसाच्या आणि कापसाच्या शेतांत राबवायला ते सोयीचे होते.

हा ताप येतो कशाने? त्या काळच्या विद्वानांचे उत्तर असे, की ऊन, ओल आणि सडका पाला यांच्या संयोगाने हवा विषारी होते. पाऊस पडतो, लगेच ऊन पडते, दलदलीतून वाफा उठतात, त्याच वाफांत मरण असते! म्हणून १८५३ साली न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर डांबराची पिंपे जाळण्यात आली आणि हवा शुद्ध करण्यासाठी तोफा डागण्यात आल्या. आधीच गडगडणाऱ्या आभाळात या तोफांची भर पडल्यावर अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. अर्थात या लोकांना केवळ अडाणी म्हणून निकालात काढणे योग्य नाही. त्यांचे निरीक्षण पक्के होते. ताप उन्हाळ्यात येतो, पावसाळी हवेत फैलावतो आणि शरदात पहिले दहिवर गोठून जमिनीवर पांढरे झाले की थांबतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. ऑक्टोबर लागला की सारे शहर या हिमाची वाट पाही. कारण कळले नव्हते, एवढेच.

याच समजुतीतून एका भल्या डॉक्टराने एक अजब गोष्ट केली. फ्लॉरिडातील अॅपलाचिकोला या बंदरगावी १८३३ साली जॉन गॉरी नावाचे डॉक्टर येऊन राहिले. रोग जर उष्ण व दमट हवेचा आहे तर रोग्याची खोली थंड आणि कोरडी केली पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी छताला बर्फाचे भांडे टांगून त्यावरून खोलीत हवा खेळवली. पण बर्फ यायचा उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांतून, जहाजाने. (याच व्यापाराचा बर्फ १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला पोहोचला आणि पुढे आपल्या मुंबईतही त्यासाठी बर्फघर उभे राहिले. मद्रासची तशी इमारत आजही समुद्रकिनारी उभी आहे.) जहाज चुकले की रोग्यांचे हाल. म्हणून गॉरी यांनी स्वतःच बर्फ करण्याचे यंत्र रचले आणि १८५१ साली त्याचा हक्क मिळवला. पैसे घालणारे मात्र कोणी भेटले नाही, लोकांनी थट्टा केली, आणि १८५५ साली ते जवळजवळ निष्कांचन अवस्थेत वारले. आज वातानुकूलित खोलीत बसणारे आपण त्यांचे ऋणी आहोत. गंमत अशी की ज्या रोगासाठी त्यांनी हा खटाटोप केला, त्याचा हवेशी तसा थेट संबंध नव्हताच.

आता त्या धर्मगुरूंकडे वळू. लुइझियानाच्या वायव्येस रेड नदीच्या काठी श्रेव्हपोर्ट हे व्यापारी गाव आहे. आखातापासून ते बरेच आत, परंतु उन्हाळा तसाच ओला आणि कोंदट. हा सारा मुलूख तेव्हा नॅकिटॉश धर्मप्रांतात मोडत असे. पहिले बिशप ओग्युस्त मार्तां हे फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे. आपल्या विस्तीर्ण धर्मप्रांतात धर्मगुरू नाहीत म्हणून ते १८५४ साली मायभूमीला गेले आणि तेथील सेमिनरीतील तरुणांपुढे त्यांनी झोळी पसरली. ब्रिटनी हा गार वाऱ्याचा, रिमझिम पावसाचा प्रदेश. तेथून निघालेली ही मुले लुइझियानाच्या भट्टीत येऊन पडली. फादर झाँ पिएर यांनी श्रेव्हपोर्टला पवित्र त्रैक्याच्या नावाने चर्च उभे केले. फादर लुई झेर्गो यांनी पूर्वेकडे सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या मन्‌रो गावचा धर्मग्राम वाढवला.

१८७३ च्या ऑगस्टमध्ये श्रेव्हपोर्टला पीतज्वर आला. ज्यांना शक्य होते ते पळाले. आसपासच्या गावांनी वाटा बंद केल्या. जे मागे राहिले त्यांच्यापैकी साडेसातशेच्या आसपास माणसे नोव्हेंबरपर्यंत मरण पावली. तेवढ्याशा गावाला हा आकडा केवढा! रेड नदीत शेकडो वर्षे साचलेल्या ओंडक्यांचा प्रचंड बांध फोडण्याचे काम करणारे लष्करी अभियंता युजीन वुडरफ हेही त्या वेळी गावात रुग्णांची शुश्रूषा करीत राहिले आणि सप्टेंबरअखेर दगावले.

फादर पिएर आणि त्यांचे सव्वीस वर्षांचे साहाय्यक फादर इसिदोर केमेरे घरोघर जाऊन पापनिवेदन ऐकत होते, रुग्णांना तैलाभ्यंग देत होते. १५ सप्टेंबरला केमेरे गेले. १६ सप्टेंबरला पिएर गेले. गावाबाहेरच्या कॉन्व्हेंटमध्ये क्रूसकन्या संघाच्या सिस्टर्सचे आत्मिक गुरू असलेले फादर झाँ-मारी बिलेर पुढे सरसावले. हाक ऐकून मन्‌रोहून फादर झेर्गो निघाले. निघताना त्यांनी आपल्या साहाय्यकाला सांगितले की मी मरायला जात आहे आणि ते माझे कर्तव्य आहे, असे बिशपांना कळव. २६ सप्टेंबरला बिलेर गेले, १ ऑक्टोबरला झेर्गो. नॅकिटॉशहून आलेले पाचवे, फादर फ्रान्स्वा ल वेझुए, ८ ऑक्टोबरला गेले. चोवीस दिवसांत पाच धर्मगुरू, सारे ब्रिटनीचे. काही सिस्टर्सही याच साथीत गेल्या. २०२० साली श्रेव्हपोर्ट धर्मप्रांताने या पाच जणांच्या संतपदाच्या प्रक्रियेला आरंभ केला.

ही तारखांची यादी वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबलो. मलाही माझ्या धर्मग्रामात अपरात्री रुग्णांकडे जावे लागते, आणि २०२० च्या साथीत ते जाणे किती अवघड झाले होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षी माझ्याही पायांना कंप सुटला होता हे कबूल करायला हरकत नाही.

या हकिगतीचा पुढचा भाग मात्र हवानाच्या एका डॉक्टराने लिहिला. कार्लोस फिन्ले हे क्यूबाचे. १८८१ साली त्यांनी हवानाच्या विज्ञान परिषदेपुढे मांडले की पीतज्वर हवेतून येत नाही, एक विशिष्ट डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. जवळजवळ वीस वर्षे कोणी मनावर घेतले नाही. फिन्ले चिकाटीने प्रयोग करीत राहिले; डास चावून घेण्यास तयार झालेल्या त्यांच्या स्वयंसेवकांत स्पेनहून नव्याने आलेले येशूसंघीयही होते. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकन पथकाने फिन्ले यांचे म्हणणे सिद्ध केले. त्या पथकातील डॉक्टर जेसी लझीअर त्याच कामात पीतज्वराने मृत्यू पावले.

आणि हा डास वाढत होता कोठे? दलदलीत नव्हे. त्याला माणसाच्या घराजवळचे स्वच्छ, स्थिर पाणी लागते. न्यू ऑर्लिन्सला नदीचे पाणी गढूळ आणि जमिनीखालचे पाणी अगदी वर, म्हणून घरोघरी छपरावरचे पावसाचे पाणी सायप्रसच्या लाकडाच्या मोठ्या उभ्या टाकीत साठवीत. श्रेव्हपोर्टलाही नळाचे पाणी १८८७ साली आले, तोपर्यंत टाक्याच. दुपारचे वादळ आले की टाकी भरायची आणि घरची बाई देवाचे आभार मानायची. त्याच पाण्यात उकाड्यामुळे आठदहा दिवसांत अंड्याचा डास व्हायचा. जितका उकाडा अधिक, तितका रोगाचा विषाणूही डासाच्या पोटात लवकर तयार व्हायचा. गोठवणारी थंडी पडली की डास मरायचा. म्हणजे जुन्या लोकांनी ऊन, पाऊस आणि हिम यांचा तापाशी जोडलेला संबंध अचूक होता. ते आभाळाकडे आणि दलदलीकडे पाहत होते आणि मरण त्यांच्या दारातल्या टाकीत होते.

या ज्ञानामुळे एक प्रश्न उभा राहतो. स्पर्शाने किंवा श्वासाने हा रोग होत नाही. मग त्या पाच धर्मगुरूंना रुग्णांच्या कानाशी कान लावण्याचा धोका खरे तर नव्हताच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. गावात राहणेच मुळी धोक्याचे होते. पण त्यांना हे ठाऊक नव्हते. झेर्गो मन्‌रोहून निघाले तेव्हा श्रेव्हपोर्टच्या हवेत मरण आहे असे समजून निघाले. त्यांची परीक्षा आपण आपल्या माहितीवर नव्हे, त्यांच्या माहितीवर करायला हवी.

तोच डास, एडीस इजिप्ती, आपल्या वसईतही आहे. आपल्याकडे पीतज्वर पसरला नाही. जहाजावर नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याची लस घ्यावी लागते, तेवढाच त्याचा परिचय. मात्र डेंग्यू तोच आणतो. एके काळी आपल्या बावखलांतून मासे डासांची अळी खात. आता बावखले बुजली आणि गच्चीवर, मोरीत, इमारतींच्या आवारात पाण्याची पिंपे आली. मिस्सानंतर मी पाणी झाकून ठेवण्याची सूचना वाचतो तेव्हा निम्मे लोक दाराकडे वळलेले असतात.

न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराची शेवटची साथ १९०५ साली आली. आर्चबिशप प्लासिड शापेल हे शहरात परतले, त्यांनाही ताप आला आणि ९ ऑगस्टला ते निवर्तले. सुमारे साडेचारशे लोक दगावले. परंतु या वेळी तोफा नव्हत्या, डांबर नव्हते. स्वयंसेवक आळीआळीतून फिरले, टाक्यांवर जाळी बसवली, पाण्यावर रॉकेलचा पातळ थर सोडला. दुपारची वादळे नेहमीप्रमाणे येत होती, टाक्या भरत होत्या. साथ मात्र उतरत गेली आणि त्या वर्षी प्रथमच लोकांना पहिल्या हिमाची वाट पाहत बसावे लागले नाही.