कोयता, रंधा, गुण्या : आपल्या हत्यारांचा इतिहास भंगारात का गेला?

आजचा एपिसोड गंजलेल्या लोखंडाबद्दल आहे. रील्सवर तुम्ही बघितलंच असेल. काळीठिक्कर कुऱ्हाड येते, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात आणि ४० सेकंदांत पातं आरशासारखं चमकायला लागतं. तसलं काम मीही करतो, सुट्टीला गावी आलो की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सोमवारपासून परत लॅपटॉप.

पण हे करता करता एक प्रश्न डोक्यात बसला. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात बनलेली जुनी पटाशी मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळते. कंपनीचा शिक्का अजून वाचता येतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या लोहारानं त्याच काळात घडवलेली पटाशी मात्र मला आजवर एकदाही हाताला लागलेली नाही. इथं काय पटाश्या नव्हत्या? सुतार नव्हते? गाडी, तिफण, वखर, चौकटी, सगळं गावातच होत होतं की. मग ती हत्यारं गेली कुठं?

अर्धं उत्तर लोखंडातच आहे. लोखंड महाग होतं आणि ते परत तापवता येतं. फाळ झिजला की त्याचं काहीतरी लहान हत्यार व्हायचं, तेही झिजलं की त्याहून लहान. फेकायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्याकडची खरी जुनी हत्यारं सापडतात ती जमिनीखाली. विदर्भात माहुरझरी, नाईकुंड इथं महापाषाण काळातल्या दफनांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी, तासण्या, छिन्न्या मिळाल्या. नाईकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजार वर्षांहून जुना मामला आहे हा. ती हत्यारं वाचली, कारण मेलेल्या माणसाबरोबर पुरली गेली आणि लोहाराच्या हाती परत लागली नाहीत. जिवंत माणसाच्या हातातली सगळी वितळली.

उरलेलं अर्धं उत्तर गावाच्या व्यवस्थेत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे १९१५ सालचं पुस्तक ज्यांनी वाचलंय, त्यांना बलुतं माहीत असेल. लोहार आणि सुतार हे बलुतेदार. वर्षभर शेतकऱ्याची अवजारं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर वार्षिक सबस्क्रिप्शन, मेंटेनन्ससकट. हत्यार विकत घ्यायची ‘वस्तू’ नव्हतीच, चालू ठेवायची गोष्ट होती. त्यामुळं त्यावर कुणाचा शिक्का नाही, कॅटलॉग नाही, नंबर नाही. शेफिल्डचा कारखानदार अनोळखी गिऱ्हाइकाला माल विकत होता, त्याला नाव ठोकावंच लागायचं. आपला लोहार समोरच्याला बापजाद्यापासून ओळखत होता. (हे ऐकून कुणाला फार गोड वाटत असेल तर थांबा. ही ओळख जातीची होती. लोहाराच्या पोरानं लोहारच व्हायचं, हाही त्याच सबस्क्रिप्शनचा भाग होता.)

आणि जे गावात बलुतेदार नव्हते, त्यांचं काय? घिसाडी. गाडीवर संसार, रस्त्याच्या कडेला भाता, नवरा सांडशीनं लालभडक लोखंड धरतो आणि बायको घण मारते. आठवडी बाजाराच्या दिवशी हे दृश्य तुम्हीही बघितलं असेल. आता कुऱ्हाडी-कोयत्याला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतात. पोलाद चांगलं असतं आणि भंगारात मिळतं. म्हणजे आज तुमच्या घरी असलेली कुऱ्हाड आधी कुठल्यातरी हायवेवर लाखभर किलोमीटर फिरून आलेली असू शकते.

इथं एक शब्द सांगतो, कारण तो आता आपल्या पिढीत फारसा ऐकू येत नाही. शेवटणे. ‘कुऱ्हाड शेवटून आण’, ‘फाळ शेवटायला टाकलाय’. म्हणजे नुसती धार लावणं नाही. बोथट झालेलं टोक तापवायचं, ठोकून परत पातळ करायचं आणि पाणी द्यायचं. पाणी देणं म्हणजे लाल तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून कडक करणं. जुन्या कुऱ्हाडीत अंग साध्या मऊ लोखंडाचं असायचं आणि पोलादाची पट्टी फक्त धारेला, कारण पोलाद महाग. दरवेळी शेवटताना ती पट्टी थोडी खपायची. त्यामुळं आखूड झालेली कुऱ्हाड बघितली की समजायचं, हिनं काम केलंय. लांबी हेच तिचं वय.

म्हणून मला त्या आरशासारख्या रील्सचा राग येतो. ग्राइंडर लावला की गंजाबरोबर हातोड्याचे ठोके जातात, जोड दिसेनासा होतो, शिक्का असेल तर पुसला जातो. आणि धार जास्त तापून निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणीही उतरलं. म्हणजे हत्यारही गेलं आणि पुरावाही गेला.

आता त्या शेफिल्डच्या पटाशीकडं परत येऊ, कारण तिच्यात एक गंमत आहे. अशा जुन्या पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असं ठोकलेलं असतं. लोकांना वाटतं ओतीव लोखंड, म्हणजे ठिसूळ. उलट आहे. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीनं १७४०च्या दशकात ही पद्धत बसवली, घड्याळाच्या स्प्रिंगला चांगलं पोलाद मिळेना म्हणून. शेफिल्डचं नाव त्यावर मोठं झालं. पण मुशीतलं पोलाद दख्खनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. बीडपासून जेमतेम ३०० किलोमीटरवर, आजच्या तेलंगणात, निजामाबादकडं कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. बीड १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्याच संस्थानातलं हे गाव. हेन्री व्हॉयसी या ब्रिटिश डॉक्टरनं तिथल्या भट्ट्यांचं वर्णन लिहून ठेवलं, ते १८३२ मध्ये छापलं गेलं. इराणचे व्यापारी पोलाद न्यायला थेट तिथं येऊन बसायचे. विजेचे प्रयोग करणारा मायकेल फॅराडे, तोही १८१९च्या सुमारास याच हिंदुस्थानी पोलादाचे, वुट्झचे, तुकडे तपासत होता. मग शंभर वर्षांत उलटं कसं झालं? पोलाद कारखान्यात टनानं निघायला लागलं, बोटीनं-रेल्वेनं स्वस्तात यायला लागलं आणि मुशीवाले बसले.

हत्यारं वितळली तरी नावं मात्र राहिली, आणि ती भारी आहेत. करवत संस्कृतातलं, ‘करपत्र’. रंधा फारसी, इराणी सुतार आजही ‘रंदे’च म्हणतो. काटकोन बघायचा गुण्या तर फारसीत ‘गूनिया’ आणि त्याच्याही मागं ग्रीक ‘गोनिया’, म्हणजे कोन. शाळेतली ट्रिगोनॉमेट्री आणि सुताराचा गुण्या हे चुलतभाऊ निघाले! भोक पाडायचं गिरमिट इंग्रजी ‘गिम्लेट’वरून आलं. ‘गिरमिटिया’ मजुरांचा गिरमिट वेगळा, तो ‘अॅग्रीमेंट’चा.

जमवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं. महाराष्ट्रात रोजच्या वापरातल्या वस्तू इतिहास म्हणून जमवायचं वेड खऱ्या अर्थानं कुणी केलं असेल तर दिनकर केळकरांनी. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारा माणूस. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी पुण्यात संग्रहालय उभं केलं. सुमारे २० हजार वस्तू आहेत. अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. एकदा बघाच. पण माझं एक निरीक्षण आहे. आपण साधारणपणे जपतो त्या नक्षी असलेल्या वस्तू. मोराचा अडकित्ता टिकतो, घोड्याचं कुलूप टिकतं. ज्या पटाशीनं ती नक्षी कोरली ती नाही. आणि ज्यावर नक्षी कधीच नव्हती त्या हत्याराचं तर विचारूच नका.

म्हणजे कोयता.

बीड म्हटलं की बाहेरच्यांना ऊसतोड आठवते, आणि ऊसतोडीत कोयता हे फक्त हत्यार नाही, ते माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम कारखान्याला ‘इतके कोयते देतो’ म्हणतो, उचल कोयत्यावर ठरते. जगात कुठं माणसं हत्याराच्या नावानं मोजतात, मला सांगा. आपण एवढे सरावलोय की ते विचित्रही वाटत नाही. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू केला, मग पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने वाढले आणि १९७२च्या दुष्काळानंतर आपल्याकडची माणसं आणखी मोठ्या संख्येनं तिकडं जायला लागली. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत यायचं.

आता कोयता नीट बघा. पातं रुंद, वजन पुढं. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण बुडाशी साखर जास्त, आणि खोडकी राहिली तर कारखान्याचं नुकसान. म्हणजे दिवसभर वाकून. मग त्याच पात्यानं शेंड्याचं वाढं उडवायचं आणि मोळी बांधायची. माझ्याकडं एक कोयता आहे. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीय आणि तिच्यावर अंगठ्याच्या जागी खोलगा पडलाय. तो ज्या बाईच्या हातात होता ती उजवीच होती, हे तिला न भेटता सांगता येतं. ही ट्यूब काढून नवी पॉलिश केलेली मूठ बसवली तर रील चांगली होईल. मी ती काढलेली नाही.

मग मी करतो काय? फार थोडं. लाल, भुसभुशीत गंज लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास भिजवून काढतो, ब्रशनं घासतो, सोड्याच्या पाण्यानं धुतो, लगेच कोरडं करतो. खालचा काळा थर तसाच ठेवतो, तो लोखंडाला धरून असतो. लाकडी दांड्याला जवसाचं तेल. परदेशातले लोक ‘लिनसीड ऑइल’ म्हणून बाटलीला डॉलर मोजतात ते हेच, आपल्या चटणीतलं जवस. एक काळजी घ्या, तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा. दांडा तुटलेलाच असेल तर बाभळीचा घाला, आणि जुना तुकडा फेकू नका.

उसात आता हार्वेस्टर आलेत. ते वाढतील आणि वाढावेत असंच मला वाटतं, या कामाची हौस कुणालाही नाही. पण घराघरातले कोयते मग किलोवर जातील. भंगारवाला वजन बघणार, बाकी काही नाही. त्याच्या काट्यावर टाकायच्या आधी एक फोटो काढा. पात्याचा आणि मुठीचा, दोन्ही बाजूंनी. आणि घरातल्या आजीला, काकूला विचारून रेकॉर्ड करून घ्या, फोन हातातच आहे तुमच्या : हा कुणी घडवला, कितीला पडला, पहिला कारखाना कुठला, त्या वर्षी उचल किती होती, आणि मूठ कुणी गुंडाळली. पाच मिनिटांची ऑडिओ क्लिप पुरे. पाठवलीत तर पुढच्या एपिसोडमध्ये तुमच्या परवानगीनं ऐकवू.