सार्वजनिक काकांचा साबण

गणेश वासुदेव जोशी म्हटलं तर पटकन ओळख पटत नाही, पण सार्वजनिक काका म्हटलं की खादी आठवते. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. राजेरजवाड्यांच्या जरीच्या गर्दीत पुण्याचा हा वकील कसा दिसला असेल, ही कल्पनाच मला फार आवडते.

खादीच्या या गोष्टीमागे त्यांचं दुसरं काम मात्र झाकलं गेलंय. काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढलं आणि पदरमोड करून शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा वस्तू इथेच बनाव्यात म्हणून खटपट केली. टिळकांच्या स्वदेशीच्या तीस वर्षं आधी!

या यादीत साबण बघून मी जरा थबकलो. कारण त्या वेळच्या पुण्यात साबणावाचून अडत कोणाचं होतं? केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचं पीठ, दिवाळीला उटणं, रेशमी कपड्यांना रिठा, भांड्यांना राख. परटाची भट्टी खारावर चालायची. त्यात विलायती साबण पूर्वापार जनावरांच्या चरबीचा, म्हणजे सोवळ्यातल्या घरात त्याला उंबरठ्याच्या आत थारा नाही.

माझा अंदाज असा की काकांनी दोन गोष्टी हेरल्या असाव्यात. एक, ही वस्तू आज ना उद्या घराघरात शिरणारच. आणि दुसरी, तिला गिरणी लागत नाही. मँचेस्टरशी कापडात झुंजायचं तर यंत्रं हवीत, भांडवल हवं. साबणाला एक कढई पुरते.

गंमत म्हणजे कढईत घालायचं सगळं आपल्याकडे शतकानुशतकं होतंच. सुश्रुतसंहितेत क्षार करण्याची सविस्तर कृती आहे. वनस्पती जाळून राख करायची, पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचं आणि जालीम क्षार हवा असेल तर त्यात भाजलेले शिंपले-चुनखडी घालायची. राखेच्या पाण्यात चुना पडला की सौम्य खाराचा दाहक अल्कली होतो, हे आजचं रसायनशास्त्रही सांगतं. आपल्या वैद्यांनी तो मूळव्याधीवर वापरला. शेजारीच तेलाची घाणी होती, पण हे दोन एकत्र उकळून साबण करण्याची प्रथा काही पडली नाही. मला वाटतं दोष रिठ्याचा. झाडावरच फेस लागत असेल तर कढई कोण चढवणार? (साबण हा शब्दसुद्धा आपला नाही, अरबीतून आलेला.)

काका १८८० मध्ये गेले. १८८८ मध्ये लीव्हरच्या सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली, आणि पुढची लढाई पुण्याऐवजी मुंबईत झाली. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये 'चावी' छाप साबण काढला, चरबी न घालता, निव्वळ वनस्पती तेलाचा. सोवळ्याचा प्रश्नच मिटला. पुढच्या साबणाला त्यांनी आधी 'नंबर दोन' नाव दिलं म्हणतात, म्हणजे लोकांना वाटावं, दोन इतका चांगला तर एक कसा असेल! पारशी डोकं. याच अर्देशीरनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले.

आता कढईकडे येतो, कारण हे वाचून दोघा-तिघांना तरी खुमखुमी येणार. खरंच सोपं आहे, पण काळजीचं. किलोभर खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. कपड्यांसाठी १८० च्या आसपास घ्या. अंगासाठी १५० च घ्या, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. पाणी ४०० ग्रॅम. सगळं वजनावर मोजायचं, वाटीवर नाही. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, नाहीतर उसळून तोंडावर येईल. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि पोरं दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियम सोडा खातो. दोन्ही कोमट झाली की सोड्याचं पाणी तेलात ओतून घोटत राहायचं, श्रीखंडापेक्षा थोडं पातळ होईपर्यंत. मग साच्यात. नुसत्या खोबरेलाचा साबण लवकर दगड होतो, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जरा घट्ट झाला की वड्या पाडा. आणि महिनाभर वाऱ्यावर सुकू द्या, हा महिना भल्याभल्यांना निघत नाही.

कारखान्यात साबणातून ग्लिसरीन काढून वेगळं विकता येतं, घरच्या वडीत ते तसंच राहतं. आणि खोबरेलाच्या साबणाला बोअरच्या जड पाण्यातही फेस येतो, तेव्हा टँकरवाल्या सोसायट्यांनी बेलाशक करून बघावा.

एक मात्र काकांना सांगायला हवं होतं. आज बाजारातल्या आपल्या बहुतेक 'देशी' साबणांच्या पोटात इंडोनेशिया-मलेशियाचं पाम तेल असतं. खोबरेल निदान कोकणातून आणता येतं.