दुकानाचा लोगो: पैसे आपण दिले, मालकी कोणाची?

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत बेकरी, बुटीक सुरू करताना आपण लोगो बहुतेक वेळा फ्लेक्सवाल्याकडूनच करून घेतो. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं समजून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायदा 1957 नुसार, बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या चित्राचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क आपल्या नावे करायचे तर त्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही, तर ती फक्त 5 वर्षं धरली जाते! म्हणून डिझायनर खालाचा मुलगा असला तरी कागद करावाच.

सोबत कोरलची मूळ फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मोठ्या बोर्डावर फाटतो. नाव उर्दूत असेल तर अक्षरं ‘कर्व्ह’ करून घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नस्तालीक फॉन्ट नसतो, अन् नुक्ते भलतीकडेच जातात.

दुकानाच्या पाटीवर उर्दू चालते. पण 2022 च्या दुरुस्तीनंतर नाव आधी मराठीत, देवनागरीत हवं, आणि ते अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. डिझायनरला हे पहिल्याच दिवशी सांगावं, नंतर सगळी मांडणीच बदलावी लागते.

ट्रेडमार्क ही वेगळी नोंदणी. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4500 रुपये, मुदत 10 वर्षं. तेच नाव आधी कोणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर फुकट पाहता येतं.