कोरियाची साक्ष

दूरदेशच्या राजकारणावरील लेख हातीं आला म्हणजे सामान्य वाचक प्रथम लेखकाचा पक्ष कोणता तें विचारतो. त्यानें काय पाहिलें व कोठें उभें राहून पाहिलें, हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदां येतच नाहीं. ही संवय किती महाग पडते ह्याचें कोरियाच्या इतिहासाइतकें बोलकें उदाहरण विसाव्या शतकांत क्वचितच सांपडेल. ठाण्याच्या मानपाड्यांत किंवा डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर संसार करणाऱ्या गृहस्थास त्या दूरच्या द्वीपकल्पाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु जगाच्या घडामोडी मराठी वाचकास आयुष्यभर समजावून सांगणारे संपादक गोविंदराव तळवलकर हे १९२५ सालीं जन्मले ते डोंबिवलींतच. आणि कोरियांतील युद्धकैद्यांवर पहारा ठेवण्याचें अवघड काम ज्या हिंदी सेनापतीच्या शिरावर आलें, तो तर कोल्हापूर भागांतील मराठी माणूस. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

१९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या ताब्यांत होता. महायुद्ध संपतांच अडतिसाव्या अक्षांशावर त्याचे दोन तुकडे झाले, १९४८ सालीं दोन राज्यें झालीं, आणि २५ जून १९५० रोजीं उत्तरेच्या सैन्यानें ती रेषा ओलांडून युद्ध पेटविलें. राष्ट्रसंघाच्या नांवानें लढणारें, परंतु मुख्यतः अमेरिकन असलेलें सैन्य सप्टेंबरांत इंचॉन येथें उतरलें व त्यानें शत्रूस उत्तरेकडे रेटीत नेलें. आतां तो अक्षांश ओलांडावा कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला. २ ऑक्टोबरची मध्यरात्र उलटल्यावर चीनचे प्रधानमंत्री चौ एन-लाय ह्यांनीं हिंदुस्थानचे राजदूत कावलम माधव पणिक्कर ह्यांस बोलावून घेतलें आणि अमेरिकन सैन्य रेषेपलीकडे आल्यास चीन युद्धांत उतरेल, असें बजाविलें. हा निरोप वॉशिंग्टनला तत्काळ पोंचला. पणिक्कर हे एके काळीं ‘हिंदुस्तान टाइम्स’चे संपादक होते, ऐकलेलें जसेंच्या तसें कळविण्याची विद्या त्यांस अवगत होती. तथापि अध्यक्ष ट्रूमन व त्यांचे सल्लागार ह्यांच्या मतें पणिक्कर चीनकडे झुकलेले. सबब त्यांचा निरोप म्हणजे चीनची हूल! झुकाव खरा असेल; निरोपहि खराच होता. त्याच महिन्यांत चिनी सैन्य यालू नदी ओलांडून आलें, आणि जें युद्ध वर्षअखेर संपण्याची आशा होती तें जुलै १९५३ पर्यंत चाललें. निरोप्याचें तोंड पाहून निरोप फेंकून देण्याची ही किंमत.

बातमीदारांच्या बाबतींतहि हेंच घडलें. १९५० च्या उन्हाळ्यांत लंडनच्या ‘डेली वर्कर’ ह्या साम्यवादी पत्राचा ॲलन विनिंग्टन उत्तरेच्या सैन्यामागून देजॉनला गेला, आणि दक्षिणेच्या पोलिसांनीं तेथें राजकीय कैद्यांची सामुदायिक कत्तल केल्याचें त्यानें लिहिलें. लंडनमधील अमेरिकन वकिलातीनें तो वृत्तांत बनावट ठरविला. विनिंग्टनवर राजद्रोहाचा खटला भरावा कीं काय, ह्याचा ब्रिटिश मंत्रिमंडळानें विचार केला. त्याच वर्षीं जेम्स कॅमेरॉन हा बातमीदार व बर्ट हार्डी हा छायाचित्रकार ह्यांनीं पुसान येथें राजकीय कैद्यांचे हाल डोळ्यांनीं पाहिले. हे दोघे कोणत्याहि साम्यवादी पत्राचे नव्हते. त्यांचा लेख छापण्याचा आग्रह ‘पिक्चर पोस्ट’चे संपादक टॉम हॉपकिन्सन ह्यांनीं धरिला, तेव्हां मालकानें लेख रोखला व संपादकास घरीं बसविलें. दक्षिण कोरियाच्याच सत्यशोधन आयोगानें अर्ध्या शतकानंतर देजॉनची कत्तल खरी असल्याचा निर्वाळा दिला. तोंवर मेलेल्यांचीं मुलें म्हातारीं झालीं होतीं.

ह्यावरून साम्यवादी बातमीदार तेवढे सत्यवादी, असा उलट निष्कर्ष काढणें हेंहि तितकेंच चुकीचें. १९५२ सालीं विनिंग्टन आणि त्याचा सोबती विल्फ्रेड बर्चेट ह्यांनीं, अमेरिकेनें रोगजंतूंचा मारा केला हा चीन व उत्तर कोरियाचा आरोप जगभर पसरविला. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून त्या आरोपाचा पुरावा रचलेला होता, असें अनेक इतिहासकारांचें मत झालें आहे. आणि गंमत अशी, कीं पानमुंजोमच्या वाटाघाटी चालल्या असतां पाश्चात्त्य बातमीदार माहितीसाठीं ह्याच दोघांकडे जात. कारण स्वतःच्या लष्कराकडून मिळणारी माहिती अपुरी, कधीं दिशाभूल करणारी असे. एकाच लेखणींतून खरें व खोटें दोन्ही उतरतें. म्हणून कसोटी लावावयाची ती एकेका विधानास.

आतां आपल्याकडील साक्ष पाहूं. युद्धतहकुबी रखडली ती मुख्यतः कैद्यांच्या प्रश्नावर. मायदेशीं परतण्यास नाखूष असलेल्या कैद्यास बळजबरीनें धाडावें, कीं त्याच्या इच्छेवर सोडावें? हिंदुस्थानच्या पुढाकारानें तोडगा निघाला तो असा, कीं नाखूष कैदी एका तटस्थ मंडळाच्या स्वाधीन करावे व दोन्ही पक्षांनीं तेथें येऊन आपापल्या माणसांची समजूत घालावी. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व हिंदुस्थान ह्या पांच राष्ट्रांच्या त्या मंडळाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि पहाऱ्याच्या हिंदी दलाचे नायक मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. हिंदी सैनिकाचा पाय आपल्या भूमीस लागूं देणार नाहीं, अशी दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांची प्रतिज्ञा! त्यामुळें आमचे जवान बोटींवरून हेलिकॉप्टरांनीं निर्लष्करी पट्ट्यांत उतरवावे लागले. दक्षिणेकडून २२,६०४ आणि उत्तरेकडून ३५९ कैदी त्यांच्या ताब्यांत आले. सप्टेंबर १९५३ मध्यें कैद्यांनीं एका हिंदी अधिकाऱ्यास कुंपणाआड धरून ठेविलें, तेव्हां थोरात स्वतः त्या जमावांत शिरले आणि गोळी न झाडतां त्यास सोडवून आणिलें. पुढच्याच महिन्यांत मात्र पहारेकऱ्यांस गोळीबार करावा लागला व कांहीं कैदी मेले.

ह्या पहारेकऱ्यांनीं जें पाहिलें तें कोणत्याच पक्षाच्या मथळ्यांत मावणारें नव्हतें. छावण्यांतील पुढारी इतरांस धाकांत ठेवीत असल्यानें कैद्यांची निवड मोकळी म्हणतां येत नाहीं, असें हिंदुस्थानसह मंडळाच्या बहुमताचें म्हणणें पडलें. स्विस व स्वीडिश सभासदांनीं आपला वृत्तांत निराळा दिला. तरीहि कैद्यांस समजुतीच्या तंबूंत ओढून नेण्यास थिमय्यांनीं नकार दिला. पहिल्या गोष्टीनें दक्षिण रागावली, दुसरीनें उत्तर. जानेवारी १९५४ मध्यें बहुतेक कैदी ज्यांनीं आणून दिले त्यांच्याच हवालीं झाले. २१ अमेरिकन व १ ब्रिटिश साम्यवाद्यांकडेच राहिले. आणि ऐंशींहून अधिक कैद्यांनीं दोन्ही पक्षांकडे पाठ फिरवून हिंदुस्थानची वाट धरली.

परंतु साक्षीदाराचें ऐकण्याची वेळ आपल्यावर आली, तेव्हां आपण तरी काय केलें? पुढें पूर्व विभागाचे सेनापति असतां ह्याच थोरातांनीं चीनच्या संभाव्य आक्रमणाविषयीं लेखी इशारा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांस तो पटला नाहीं, आणि १९६२ चा ऑक्टोबर उजाडला. पणिक्करांस न मानणाऱ्या ट्रूमनना हंसण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाहीं.

ही कथा जुनी झाली असेंहि नाहीं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक योल ह्यांनीं लष्करी कायदा पुकारला. उत्तर कोरियास अनुकूल अशा राज्यद्रोही शक्ति, हें कारण पुढें केलें गेलें, आणि पहिल्याच फर्मानानें सर्व वृत्तपत्रें व प्रसारणें लष्करी अमलाखालीं आणिलीं. १९५० सालीं विनिंग्टनच्या तोंडावर मारलेला शत्रुपक्षाचा शिक्का तो हाच. फरक इतकाच, कीं ह्या खेपेस सैनिक विधिमंडळांत शिरत असतां तीं चित्रें घरोघर दिसत होतीं. सभासदांनीं कुंपणावरून चढून आंत जाऊन कांहीं तासांतच तो कायदा उठविण्याचा ठराव केला. ४ एप्रिल २०२५ रोजीं घटना-न्यायालयानें अध्यक्षांस पदच्युत केलें. देजॉनच्या साक्षीस अर्धें शतक थांबावें लागलें. ह्या साक्षीस एक रात्रहि लागली नाहीं.

१९५३ सालीं पानमुंजोमला झाली ती केवळ युद्धतहकुबी. तिला तहाचें रूप अद्याप आलेलें नाहीं. उत्तरेजवळ आतां अण्वस्त्रें आहेत. तेव्हां त्या प्रदेशाच्या सुरक्षिततेवरील लेख आपल्या घरीं येतच राहणार. ते वाचतांना घरांतील वडील माणसांनीं मुलांदेखत तीन प्रश्न मोठ्यानें विचारावे: लिहिणारा तेथें होता काय? कोणाच्या परवानगीनें त्यानें पाहिलें? आणि जें त्यास पाहूं दिलें नाहीं, तें तो सांगतो काय? लेखकाच्या पक्षाची चौकशी त्यानंतर खुशाल करावी.