मांस, मुडदूस आणि दाढीवाला सरडा

इतिहासाच्या धाग्यात आज सरडा कशासाठी, असा प्रश्न पडला असेल तर थोडे थांबावे. या सरड्यामागून आपल्याला सिंहगड, १८८९ चे लंडन आणि १९२१ चे नाशिक अशी तीन ठिकाणे पाहायची आहेत.

प्रसंग गेल्या पावसाळ्यातला. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांचा महाविद्यालयात जाणारा मुलगा मला आपल्या खोलीत घेऊन गेला. खिडकीशी काचेची पेटी, तीत एक ओंडका, आणि ओंडक्याच्या पायथ्याशी अंग टाकून पडलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याखाली काटेरी दाढी मिरवणारा ऑस्ट्रेलियन सरडा. "काका, हा आता वर चढतच नाही," तो म्हणाला. "मागचे पाय थरथरतात. खाण्यात मी काही कमी करत नाही. रोज बोनलेस चिकन देतो. घोरपड नाही का मांस खात?"

'बोनलेस' या शब्दापाशी मी अडखळलो. त्या मुलाची चूक नवी नव्हती. एका जगप्रसिद्ध प्राणिसंग्रहालयाने तीच चूक वर्षानुवर्षे केली होती.

आधी घोरपडीचे पाहू, कारण मराठी मनात मोठा सरडा म्हटला की तीच उभी राहते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी सिंहगडावर चढाई केली, त्या प्रसंगातील यशवंती घोरपड आपण पोवाड्यातून ऐकत आलो आहोत. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. तथापि त्या प्राण्याच्या नखांच्या पकडीविषयी समाजाला केवढा आदर होता हे तीवरून कळते. आता ही घोरपड काय खाते? उंदीर, बेडूक, अंडी, खेकडे, मेलेली जनावरे. परंतु ती भक्ष्य सोलून, हाडे काढून खात नाही. लहान भक्ष्य सबंध गिळते. हाडे, यकृत, आतडी, सारे काही. तिच्या आहारातील 'मांस' आणि खाटकाच्या दुकानातून पिशवीत येणारे 'मांस' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. (जाता जाता: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घोरपड पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. उत्साहाच्या भरात हे विसरू नये.)

आणि बिअर्डेड ड्रॅगन हा घोरपडीच्या जातीचा नव्हेच. त्याचे कुळ वेगळे. ते आपल्या बागेतल्या सरड्याला जवळचे. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातला हा प्राणी. त्याचे शास्त्रीय वर्णन १९२६ मध्ये एर्न्स्ट आल या जर्मन शास्त्रज्ञाने केले. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीचे दरवाजे १९६० च्या दशकातच बंद केले. म्हणून आज जगभर पाळले जाणारे हे सरडे पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांचे आहेत. रानात तो मिळेल ते खातो: लहानपणी मुख्यतः कीटक, मोठेपणी मुख्यतः पाने-फुले, आणि क्वचित एखादे पिटुकले जनावर, तेही सबंध.

आता लंडन. तेथील प्राणिसंग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंहिणी वित होत, पण छावे जगत नसत. त्यांचे पाय वाकत, पाठीचा कणा खचत आणि ते मरत. हा मुडदूस होता, लंडनच्या धुरकट गल्ल्यांतील मुलांना होणारा तोच. जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकाला मेलेल्या प्राण्यांची चिरफाड करून अभ्यास करण्याचा छंद होता. १८८९ मध्ये त्याने छाव्यांच्या ताटाकडे लक्ष वेधले. त्यांना मिळत होते म्हाताऱ्या घोड्यांचे रुक्ष, चरबीहीन मांस; आणि घोड्याची जाड हाडे छाव्यांच्या दातांना फुटण्यासारखी नव्हती. उपाय अगदी साधा निघाला: ठेचलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल. जागा तीच, पिंजरा तोच. सुमारे तीन महिन्यांत छावे सावरले आणि पुढे वाढले.

'जीवनसत्त्व' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ब्लँड-सटनने दोन तीर एकदम सोडले होते: हाडांतून कॅल्शियम, तेलातून ज्याला पुढे 'ड' जीवनसत्त्व म्हटले गेले ते. कोणता तीर लागला, हे त्या प्रयोगातून कळण्याजोगे नव्हते. बरे झालेले छावे पाहून कोणाला त्याची फिकीरही नसावी.

नुसत्या मांसात खोट कोणती, हे आज आकड्यांत सांगता येते. १०० ग्रॅम हाडाविना कोंबडीच्या मांसात कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. सरड्याला हवे असते नेमके उलटे: फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक, शक्यतो दुप्पट. रक्तातले कॅल्शियम घसरू लागले की गळ्यातील परावटू ग्रंथी धोक्याची घंटा वाजवतात आणि शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसू लागते. हृदय आणि स्नायू चालू ठेवण्यासाठी चाललेली ही उसनवारी असते. जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पुढे साध्या उडीनेही हाड मोडते. प्राणी मात्र खात असतो, पोट भरलेले दिसते. म्हणूनच पाळणाऱ्याला संशय येत नाही.

पण एवढ्यावर कथा संपती, तर कॅल्शियमची भुकटी शिंपडून काम भागले असते. पुढचा धागा आपल्याला महाराष्ट्रात आणतो.

थिओबाल्ड पाम हा जपानमध्ये राहून आलेला मिशनरी डॉक्टर. १८९० मध्ये त्याने आशियातील मिशनरी डॉक्टरांकडून पत्रे मागवून एक निष्कर्ष मांडला: मुडदूस हा उन्हाच्या अभावाचा रोग आहे. फारसे कोणी ऐकले नाही. १९१९ मध्ये बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्की याने मुडदुसाने ग्रासलेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांत, ठेवून बरे केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगत होता की दोष आहारात आहे, कॉड तेल द्या. एक म्हणे प्रकाश, दुसरा म्हणे अन्न. दोघांचीही पिल्ले, मुले बरी होत होती!

या वादाच्या ऐन मध्यावर, १९२१ मध्ये, 'ग्लासगो मेडिकल जर्नल' या नियतकालिकात हचिसन आणि पटेल यांचा एक अभ्यास आला. त्याचा विषय होता नाशिक शहरातील मुडदूस. पुढल्याच वर्षी हचिसन आणि शाह यांनी तो अधिक विस्ताराने मांडला. त्यांना जे दिसले ते तत्कालीन समजुतीला छेद देणारे होते. मुडदूस हा गरिबीचा, निकृष्ट अन्नाचा रोग मानला जाई. नाशिकात मात्र बेताच्या, स्निग्धांश कमी असलेल्या अन्नावर पण उघड्यावर वाढणारी कष्टकऱ्यांची मुले त्यातून सुटत होती. आणि खाऊनपिऊन सुखी, परंतु पडदा पाळणाऱ्या घरांतील तान्ही मुले, जी आयांसोबत महिनोन् महिने आतल्या खोल्यांत असत, ती त्याला बळी पडत होती. जुन्या वाड्यातले माजघर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो अंधार वेगळा समजावून सांगायला नको. भर दुपारी देवघरातील समईच्या उजेडात माणसे वावरत. अंगणात ऊन रणरणत असे आणि दहा पावलांवर मूल उन्हावाचून वाकत असे.

लंडनच्या धुक्यात ऊन नव्हते, हे समजू शकते. नाशिकात ते भरपूर होते. मुलांपर्यंत ते पोहोचू दिले जात नव्हते. माझ्या मते मुडदुसाच्या इतिहासातले हे सर्वांत बोलके प्रकरण आहे आणि आपल्याकडे ते जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. पुढे वादाचा निकाल दोघांच्याही बाजूने लागला. त्वचेवर अतिनील किरण पडले की शरीर स्वतःच 'ड' जीवनसत्त्व घडवते. तेच माशाच्या यकृतातही साठलेले असते. आणि ते नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम रक्तात नीट शिरतच नाही.

आता पुन्हा सात रस्ता. खिडकीशी ठेवलेल्या त्या पेटीवर सोलापूरचे लखलखीत ऊन पडत होते. मुलाला वाटे, ऊन तर मिळतेच आहे. पण खिडकीची साधी काच अतिनील किरणांतला नेमका उपयोगी भाग जवळजवळ सगळाच अडवते. ऊब आत येते, उजेड आत येतो. हाडांना लागणारे ते बाहेर राहते. पेटी लख्ख दिसत होती, तरी सरड्याच्या हाडांच्या दृष्टीने ते नाशिकचे माजघरच होते.

मग मांस द्यावे की नाही? पुष्कळांनी विचारलेला प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. रोजचे अन्न म्हणून नाही. क्वचित चिमूटभर साधे शिजवलेले मांस पोटात गेले तर आकाश कोसळत नाही. पण मीठ, मसाला, कांदा, चरबी मुळीच नको, आणि कच्चे मांस साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे त्याला आणि तुम्हालाही घातक. काळीज-कलेजी पौष्टिक म्हणून वारंवार देणारेही भेटतात. सरडे प्रथिनांचा कचरा युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. तो भार वाढला की मूत्रपिंडे आणि सांधे धरतात. त्याला खरे हवे ते पैदास केलेले रातकिडे आणि अळ्या, त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसलेले, आणि तेही कॅल्शियमची भुकटी लावून; कारण रातकिड्यातही फॉस्फरसच वरचढ असतो. सोबत कोथिंबीर, मेथी, किसलेला लाल भोपळा. पालक टाळावा, त्यातले ऑक्झालेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पेटीत अतिनील किरणांचा दिवा हवा, मध्ये काच नको. बर्लिनच्या त्या दिव्याचाच हा दूरचा वंशज.

काजव्यांविषयी एक सावधगिरी. अमेरिकेत काजवे खाल्ल्याने बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद १९९९ च्या एका शोधनिबंधात आहे. तेथील काजव्यांच्या अंगात हृदयावर आघात करणारे विष असते. आपल्याकडे वळवाच्या सुमारास सह्याद्रीत काजव्यांचे थवे पाहायला झुंबड उडते. पाहावेत जरूर, पण डबीत भरून घरी आणू नयेत.

त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी सरड्याला पशुवैद्याकडे नेले. क्ष-किरण चित्रात मांडीची हाडे काचेसारखी पारदर्शक दिसली. औषधी कॅल्शियम, दिवा, बदललेला आहार. रोज सकाळी आठच्या सुमारास, ऊन कोवळे असताना, तो त्याला जाळीच्या पिंजऱ्यातून गच्चीवर नेऊ लागला. निम्म्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, कारण सोलापूरच्या उन्हात उघड्यावर अडकलेला सरडा तासाभरात भाजून निघेल. तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तो ओंडक्याच्या टोकावर बसला होता. जबडा मात्र उजवीकडे किंचित वाकडाच राहिला आहे. रातकिडा पहिल्या झेपेत सुटतो, दुसऱ्या झेपेत सापडतो.